बाळाला कावीळ, मग पथ्य बाळंतिणीला कशाला?

तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळ पिवळं दिसायला लागलं की घरातला पहिला हल्ला होतो बाळंतिणीच्या ताटावर. वरणातली हळद बंद, तूप बंद, डिंकाचे लाडू डब्यातच राहतात आणि तिच्यापुढे येतो मऊ भात, फार तर उसाचा रस. मोठ्या माणसाला कावीळ झाली की जे पथ्य करतात, तेच बाळाच्या वतीने आईच्या माथी मारायचं, असा हा हिशेब आहे. करणाऱ्यांची माया खोटी नसते. पण आईला उपाशी ठेवून बाळाची कावीळ उतरत नाही. पहिल्या आठवड्यातली बरीचशी कावीळ वाढते ती बाळाच्या पोटात दूध कमी गेल्यामुळे. म्हणून ताटाकडे बघणं सोडा आणि दोन गोष्टी बघा: बाळाच्या पोटात दूध किती गेलं आणि लंगोटात काय आलं.

पहिलटकरीण, तिचा नवरा आणि बाळंतपण करायला आलेली आई किंवा सासू, या तिघांनी मिळून वाचावं अशा बेताने पुढचं लिहिलं आहे. डॉक्टरांच्या तपासणीला हा लेख पर्याय नाही. तपासणी कधी करायची आणि घरी काय करायचं, एवढंच यात आहे.

आधी समजून घ्या: पिवळेपणा येतो कुठून

पोटात असताना बाळाच्या रक्तात तांबड्या पेशी भरपूर लागतात. जन्मानंतर श्वास सुरू झाला की तेवढ्या लागत नाहीत आणि जास्तीच्या पेशी मोडतात. मोठ्या माणसाची तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, नवजात बाळाची त्याहून बरीच कमी. पेशी मोडली की बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं. यकृत त्यावर प्रक्रिया करून ते आतड्यात सोडतं आणि शीवाटे ते बाहेर जातं. नव्या बाळाचं यकृत या कामाला अजून सरावलेलं नसतं, म्हणून पूर्ण दिवसांच्या १०० पैकी ६० बाळं पहिल्या आठवड्यात थोडीफार पिवळी दिसतात. कमी दिवसांच्या बाळांत हे प्रमाण ८० च्या घरात जातं.

यात आईला खरंच कळायला हवी ती आतड्यातली गोष्ट. आतड्यात आलेलं बिलिरुबिन लगेच बाहेर पडलं नाही तर ते पुन्हा रक्तात शोषलं जातं. जन्मानंतरची पहिली काळी, चिकट शी या द्रव्याने भरलेली असते. ती जितकी उशिरा निघेल तितका पिवळेपणा वाढतो. आणि ती बाहेर ढकलायचं काम करतं आईचं दूध, विशेषतः पहिला चीक. तो पिवळा आणि घट्ट दिसतो म्हणून काही घरांत अजूनही पिळून टाकतात. काविळीच्या दृष्टीने याहून मोठं नुकसान क्वचितच असेल.

पहिले २४ तास

जन्मानंतर तासाभरात बाळ छातीशी लावा. सिझेरियन झालं असेल तरीही हे जमतं. नर्सबाईंना सांगा, त्या बाळ आडवं धरून देतात. पहिल्या दिवशी एका वेळी चमचाभर चीक आला तरी पुरतो, कारण बाळाचं पोटही तेवढंच असतं. 'दूधच उतरलं नाही' असं म्हणत साखरेचं पाणी, ग्लुकोजचं पाणी, मध किंवा गुटी देऊ नका. पाण्याने बिलिरुबिन बाहेर पडत नाही. पोट तेवढं भरतं आणि दुधाची पाळी चुकते. मध तर वर्षाच्या आतल्या बाळाला द्यायचाच नसतो.

याच दिवशी आईचा आणि बाळाचा रक्तगट विचारून फाइलवर लिहून घ्या. आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल, किंवा आईचा गट ओ आणि बाळाचा ए किंवा बी असेल, तर बाळाच्या पेशी जास्त वेगाने मोडू शकतात. निगेटिव्ह आईचं बाळ पॉझिटिव्ह निघालं तर आईला अँटी-डी इंजेक्शन ७२ तासांच्या आत द्यायचं असतं, याचीही आठवण ठेवा.

पहिल्या २४ तासांतच पिवळेपणा दिसला तर ती साधी कावीळ समजायची नाही. लगेच रक्त तपासायला हवं, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत.

पाचवीपर्यंत: खरा कस इथे लागतो

पूर्ण दिवसांच्या बाळाचं बिलिरुबिन बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवसात सर्वांत वर जातं. नॉर्मल बाळंतपण झालेली आई मात्र दुसऱ्या दिवशीच घरी येते. म्हणजे कावीळ चढते घरात, पाचवीची तयारी चाललेली असताना. म्हणून दवाखान्यातून निघण्याआधीच पुढच्या एक-दोन दिवसांतली तपासणीची वेळ ठरवून घ्या. 'काही वाटलं तर या' हे पुरेसं नाही.

दूध पाजताना: २४ तासांत ८ ते १२ वेळा. घड्याळ लावून नव्हे, पण दिवसा तीन तासांहून जास्त खंड पडू देऊ नका आणि रात्रीही उठवून पाजा. पिवळं बाळ सुस्त होतं, सुस्त बाळ नीट ओढत नाही, मग दूध कमी जातं आणि पिवळेपणा आणखी वाढतो. 'बाळ किती शांत आहे, नुसतं झोपतं' हे कौतुक या चार दिवसांत जरा जपूनच ऐकावं. दुपटं काढा, तळपाय चोळा, लंगोट बदला आणि मग छातीशी घ्या.

बाळाने फक्त बोंडी तोंडात धरली तर आईला दुखतं आणि दूधही येत नाही. बाळाचं पोट तुमच्या पोटाला चिकटलेलं हवं, मान वळलेली नको. तोंड जांभईसारखं मोठं उघडलं की बाळाला छातीकडे आणा, छाती बाळाकडे नेऊ नका. हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि काळा भाग वरून जास्त व खालून कमी दिसतोय, म्हणजे पकड बरोबर बसली. सुरुवातीला भराभर चोखणं होतं. मग लय संथ होते आणि गिळल्याचा हलका आवाज येतो. तो आवाज ऐकू येत नसेल तर अर्धा तास छातीला लावूनही बाळ उपाशीच असू शकतं. पकड जमतच नसेल तर हाताने दूध काढून वाटी-चमच्याने पाजा. घरात जुनं बोंडलं असेल तर तेही चालेल, मात्र प्रत्येक वेळी उकळून घ्या. दवाखान्यात स्तनपान समुपदेशक असेल तर तिला एकदा समोर बसवून पाजून दाखवा. लेख वाचून जे कळत नाही ते ती दोन मिनिटांत दाखवते.

लंगोटाचा हिशेब: पहिल्या दिवशी निदान एकदा शू, दुसऱ्या दिवशी दोनदा, तिसऱ्या दिवशी तीनदा असं वाढत जाऊन पाचव्या-सहाव्या दिवसापासून रोज सहा किंवा जास्त ओले लंगोट व्हायला हवेत. शी काळीची हिरवट आणि चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत मोहरीसारख्या दाण्यांची पिवळी, पातळ झाली पाहिजे, दिवसातून तीन-चारदा तरी. पाचवा दिवस आला आणि शी अजून काळीच आहे, तर दूध पुरेसं जात नाही असंच समजा. तिसऱ्या दिवसानंतरही लंगोटावर विटकरी-गुलाबी डाग दिसला तर त्याचाही अर्थ तोच. लोक त्याला रक्त समजून घाबरतात, तो लघवीतल्या क्षारांचा असतो. डायपरमध्ये ओलेपणा कळत नाही, म्हणून हा पहिला आठवडा सुती लंगोट बरा.

पहिल्या दिवसांत वजन थोडं घटतंच. जन्माच्या वजनाच्या ७ टक्क्यांपेक्षा जास्त घटलं तर पाजणं तपासायचं आणि १० टक्क्यांकडे गेलं तर डॉक्टरांना दाखवायचंच. ३ किलोच्या बाळात हा फरक २१० ते ३०० ग्रॅमचा होतो. दोन आठवड्यांपर्यंत जन्माचं वजन भरून निघायला हवं. दवाखान्यात बाळंतपण झालेल्यांकडे आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात आणि त्यांच्याजवळ वजनकाटा असतो. त्यांना चहा जरूर द्या, पण वजन केल्याशिवाय सोडू नका.

कावीळ बघायची कशी

बाळंतिणीची खोली म्हणजे बंद खिडक्या, पडदे, पिवळा दिवा आणि धुरीचा धूर. अशा खोलीत कावीळ दिसणारच नाही, किंवा दिव्याच्या रंगाने गोरंपान बाळही पिवळं दिसेल. धुरी तर तशीही नकोच, बाळाच्या छातीला ती बाधते. दिवसाच्या उजेडात खिडकीजवळ या. हळदीच्या रंगाचं झबलं असेल तर ते काढा. हळद घालून तेल-मालीश झालं असेल तर अंघोळ होईपर्यंत थांबा. मग बाळाच्या कपाळावर बोट हलकं दाबून उचला. बोटाखालची जागा क्षणभर पांढुरकी व्हायला हवी. ती पिवळी दिसली तर कावीळ आहे. तसंच छातीवर, पोटावर, मांडीवर, शेवटी तळपायावर बघत जा. पिवळेपणा डोक्याकडून पायाकडे उतरत जातो. सावळ्या बाळात त्वचा फसवते, म्हणून डोळ्यांचा पांढरा भाग आणि हिरड्याही बघा.

मात्र डोळ्यांनी कळतं ते 'आहे की नाही' इतकंच. 'किती आहे' ते अनुभवी डॉक्टरांनाही नजरेने नीट सांगता येत नाही. त्यासाठी कपाळाला किंवा छातीला टेकवायचं छोटं यंत्र असतं, नाहीतर रक्ताची तपासणी. आणि तो आकडा शेजारच्या बाळाच्या आकड्याशी जुळवत बसू नका. तीस तासांच्या बाळाला १४ आलं तर डॉक्टर लाइट (निळ्या प्रकाशाचा उपचार) लावण्याचं बोलतील. पाच दिवसांच्या, पूर्ण महिन्यांच्या, दणदणीत पिणाऱ्या बाळाला तेच १४ आलं तर नुसतं लक्ष ठेवायला सांगतील. बाळाचं वय तासांत मोजून आणि किती आठवड्यांत जन्मलं ते पाहून निर्णय होतो.

आता ताटाकडे येऊ

हळद, तूप, डाळ, पिवळं फळ, तेलकट, आंबट: यांतलं काहीही आईने खाल्लं म्हणून बाळाला कावीळ होत नाही, आणि सोडलं म्हणून उतरतही नाही. हळदीचा आणि बिलिरुबिनचा संबंध रंगापुरता. आईच्या खाण्याने दुधाचा वास आणि थोडीफार चव बदलते, दुधातल्या स्निग्धांशाचा प्रकारही बदलतो. बाळाच्या यकृताचा वेग त्याने बदलत नाही.

उलट पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा २०२० चा आहार-हिशेब सांगतो. म्हणजे नेहमीच्या जेवणाशिवाय जोंधळ्याच्या दोन भाकऱ्या, वाटीभर घट्ट वरण आणि एखादा लाडू. अळिवाची खीर, शेपू, मेथी, खारीक-खोबरं, लसणाची चटणी हे सगळं पोटभर खाऊ द्या. अळिवाने किंवा शतावरीने दूध धो-धो वाढेल अशी आशा मात्र ठेवू नका. स्तन जितका रिकामा होतो तितकं नवं दूध बनतं, बाकी सगळं त्यानंतर. पोट सुटतं म्हणून बाळंतिणीचं पाणी तोडण्याची पद्धत काही घरांत आहे, ती सोडून द्या. तहान लागेल तेवढं पाणी ती पिऊ दे. लोह आणि फॉलिक अॅसिडची तसंच कॅल्शियमची गोळी बाळंतपणानंतर १८० दिवस चालू ठेवायची असते. बाळाला कावीळ आहे म्हणून ती थांबवायची नाही. मिश्री लावायची सवय असेल तर ती सोडाच, पण काविळीमुळे नव्हे.

खरी सावधगिरी वेगळ्याच ठिकाणी हवी. काही बाळांत जन्मतः जी-सिक्स-पीडी नावाचं द्रव्य कमी असतं. हा दोष मुलग्यांत जास्त दिसतो आणि पारशी, सिंधी व काही आदिवासी समाजांत त्याचं प्रमाण अधिक आहे. अशा बाळाच्या तांबड्या पेशी काही वस्तूंच्या संपर्काने भराभर फुटतात. त्यातली आपल्या घरातली वस्तू म्हणजे डांबरगोळ्या. थोरल्याची झबली, आजीच्या लुगड्याची मऊ गोधडी ट्रंकेतून काढायची आणि तशीच बाळाला गुंडाळायची, हे किती घरांत होतं! कपड्यांना तो वास येत असेल तर ते वापरू नका. ट्रंकेत जपायचेच असतील तर गोळ्यांऐवजी कडुनिंबाचा सुका पाला ठेवा, आणि वापरण्याआधी कपडे धुऊन दोन-तीन उन्हं द्या. हा दोष असलेल्या बाळाच्या आईने सल्फाची, मलेरियाची किंवा लघवीच्या जंतुसंसर्गाची गोळी डॉक्टरांना बाळाबद्दल सांगितल्याशिवाय घेऊ नये. आहारातला एकच पदार्थ इथे मोडतो तो म्हणजे बाकला. आपल्याकडे तो रोजच्या खाण्यात नाही, पण आखाती देशांत राहणाऱ्या मराठी घरांत नाश्त्याला 'फूल' येतो, तो त्याच दाण्यांचा. तिथल्या आयांनी हे लक्षात ठेवावं.

'आईला मागे कावीळ झाली होती, दुधातून गेली असेल' हाही एक समज. दूषित पाण्याने होणारी कावीळ आणि नवजात बाळाची कावीळ यांचा संबंध नाही आणि बाळाची ही कावीळ कुणाला लागतही नाही. आईला हेपटायटिस बी असेल तर बाळाला जन्मानंतर १२ तासांत लस आणि इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन देतात. त्यानंतर अंगावर पाजायला हरकत नसते.

लाइटखाली ठेवलं तर

'बाळाला पेटीत ठेवलंय' हे शब्द ऐकून आजी रडायला लागते. समजावा तिला. तो निळा प्रकाश आहे. त्वचेतल्या बिलिरुबिनचं रूप तो असं पालटतो की यकृताची वाट न बघता ते शी-शूवाटे निघून जातं. याचा शोधही एका नर्समुळे लागला. १९५६ मध्ये इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या दवाखान्यात सिस्टर वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बाळांना बागेत उन्हात न्यायच्या. एका बाळाच्या अंगावर दुपट्याने झाकलेला भाग पिवळाच राहिला आणि बाकीचा फिकट झाला, हे त्यांनी डॉक्टरांना दाखवलं. त्यातून १९५८ मध्ये दिव्याच्या उपचाराचा पहिला अहवाल आला.

मग कोवळं ऊन चालेल का? उपचार म्हणून नाही. घरच्या उन्हात प्रकाश किती मिळाला ते मोजता येत नाही, उघडं बाळ गार पडतं किंवा भाजतं, आणि मुख्य म्हणजे 'ऊन दाखवतोय ना' म्हणत तपासणी दोन दिवस लांबते.

लाइटखाली असतानाही दर दोन-तीन तासांनी पाजा. तेवढा वेळ बाळाला बाहेर काढता येतं. डोळ्यांवरची पट्टी काढा आणि त्याच्याकडे बघत पाजा. शी हिरवट-पातळ होते, तो जुलाब नव्हे. दूध कमी पडत असेल तर आधी आईचं काढलेलं दूध, मग दूधपेढीतलं, म्हणजे इतर आयांनी दान केलेलं, आणि त्यानंतर डब्याचं, असा क्रम ठेवायला सांगा. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी १९८९ मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. आता राज्यातल्या इतर काही मोठ्या रुग्णालयांतही ती सोय आहे. चार दिवस डब्याचं दूध द्यावं लागलं तर त्यात कमीपणा नाही. अंगावरचं चालू राहिलं म्हणजे झालं. दिवा बंद केल्यावर आकडा थोडा पुन्हा चढू शकतो, म्हणून पुढची तपासणी कधी ते विचारूनच घरी या.

जिल्हा रुग्णालयांतल्या नवजात शिशु कक्षात हा उपचार जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत होतो आणि न्यायला १०८ ची गाडी मिळते. काविळीची माळ, नाकात-डोळ्यात औषध, पोटावर डाग, हे काहीही करू नका. डाग दिलेल्या बाळाला जखमेतून जंतुसंसर्ग होतो आणि मूळची कावीळ तशीच राहते.

बारसं झालं, तरी डोळे पिवळेच

बाळ छान पितंय, अंग धरतंय, शी मोहरीसारखी पिवळी, लघवी पाण्यासारखी, आणि तरी पिवळेपणा रेंगाळतोय. अंगावर पिणाऱ्या बाळात ही कावीळ पहिल्या आठवड्यानंतर दिसते, दुसऱ्या आठवड्याच्या आसपास वर जाते आणि कधी कधी तीन महिन्यांपर्यंत हळूहळू उतरत राहते. दुधातल्या काही घटकांमुळे बिलिरुबिन आतड्यातून जास्त परत शोषलं जातं, असं मानतात. पूर्वी याच्या निदानासाठी दोन दिवस अंगावरचं दूध तोडायला सांगत. आता सहसा त्याची गरज मानत नाहीत. दूध चालू ठेवा. इथेही पथ्याचा काही उपयोग नाही.

पण 'दुधाची कावीळ आहे' हे निदान घरच्यांनी करायचं नसतं. पूर्ण दिवसांच्या बाळाची कावीळ १४ दिवसांपलीकडे किंवा लवकर जन्मलेल्याची २१ दिवसांपलीकडे राहिली, तर रक्तातलं एकूण बिलिरुबिन आणि त्यातलं 'डायरेक्ट' (यकृताने प्रक्रिया केलेलं) किती, हे तपासून घ्या. याच तपासणीत थायरॉइडचंही विचारा. शी पांढुरकी, खडूसारखी किंवा मातकट येत असेल आणि लघवीचा पिवळा डाग लंगोटावर उमटत असेल, तर एक दिवसही थांबू नका. पित्त वाहून नेणारी नळी बंद असण्याची शक्यता असते आणि त्याची शस्त्रक्रिया ६० दिवसांच्या आत झाली तर निभावण्याची शक्यता जास्त. सव्वा महिना झाल्यावर देवदर्शनाला जाताना दाखवू, म्हणत थांबलं तर हातात फार दिवस उरत नाहीत. शीचा रंग शब्दांत सांगता येत नसेल तर दिवसाच्या उजेडात मोबाइलवर फोटो काढून न्या.

कधीही, कुठल्याही दिवशी: बाळ उठवूनही उठत नाही, दोन पाळ्या दूध घेत नाही, कर्कश चिरक्या आवाजात रडतं, अंग सैल पडलंय किंवा मान-पाठ मागे कमानीसारखी ताणतं, ताप आहे किंवा अंग गार आहे, तळपायापर्यंत पिवळं झालंय, यांतलं एक जरी दिसलं तरी सरळ दवाखाना. बिलिरुबिन मेंदूपर्यंत पोचलं तर कायमचं बहिरेपण आणि अपंगत्व येऊ शकतं, आणि ते टाळायला तासच हातात असतात. ज्या बाळाचा आकडा फार वर गेला होता, त्याच्या श्रवणचाचणीचं नंतर डॉक्टरांना विचारा.

बाळाला लाइट लागला होता का, आकडा किती गेला होता आणि रक्तगट काय, हे डिस्चार्जच्या कागदाला टाचून ठेवा. पुढच्या खेपेला नाव नोंदवायला जाल तेव्हा तो कागद डॉक्टरांना दाखवा, कारण थोरल्याला कावीळ जास्त झाली असेल तर धाकट्यालाही होण्याचा संभव वाढतो.